बेळगावकडून स्वतःच्या गाडीनं नेपाळ-भूतान जमेल का? कागद काय लागतात?

निपाणीच्या चौघा मित्रांनी विचारलंय म्हणून सविस्तर लिहितो. जमतं. आम्हीही चौघंच होतो. गाडी केए-२२ पासिंगची, महिना नोव्हेंबर, आणि १९ दिवसांत घरी परत. मिरज, सोलापूर, नागपूर, जबलपूर, रीवा, गोरखपूर करत नेपाळच्या हद्दीवरच्या सोनौलीला पोचलो. खाऊतला बेळगावचा कुंदा नागपूरच्या आधीच संपला, गोकाकचा करदंट मात्र काठमांडूपर्यंत पुरला.

पहिला कागद आरसी. त्यावर ज्याचं नाव तो माणूस गाडीत असू दे. आमची गाडी मित्राच्या बाबांच्या नावावर आणि बाबा खानापुरात! नेपाळच्या कस्टमला भन्सार म्हणतात. तिथं दिवसांच्या हिशेबानं पैसे भरले की गाडीचा परवाना मिळतो. खिडकीतल्या साहेबांनी आरसी बघून विचारलं, मालक कुठे? बाबांना फोन लावला. "काय गा, गाडी नेताना सांगायला काय झालं होतं?" एवढं आम्ही ऐकून घेतल्यावर बाबांनी वहीच्या पानावर मराठीत पत्र लिहून सही केली आणि फोटो पाठवला. बाहेरच्या दुकानातून प्रिंट काढली. साहेबांनी ते पत्र चष्मा लावून चक्क मोठ्यानं वाचलं. लिपी त्यांचीच की! निम्मं कळलं असावं, पण शिक्का मिळाला. तोवर चार तास गेले होते. तुम्ही नोटरी केलेलं इंग्रजी पत्र घेऊन जा, असा साहेब दरवेळी भेटत नाही.

दुसरं, विमा. आपली पॉलिसी हद्दीपलीकडे आपोआप चालत नाही. जादा हप्ता भरून नेपाळ-भूतान त्यात घालून घ्यावं लागतं, ते निघण्याआधी करा. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार कार्ड ठेवा. आधारच्या भरवशावर भूतानला जाऊ नका.

नेपाळात आम्हाला सगळ्यात गंमत वाटली ती पाट्यांची. बेळगावात पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावर आमचं अर्धं आयुष्य गेलं, आणि परदेशात गेल्यावर सगळ्या सरकारी पाट्या देवनागरीत! वाचता सगळं येतं, कळतं मात्र भलतंच. प्रहरी म्हणजे पोलीस. पसल म्हणजे दुकान. एका ठिकाणी 'खाजा घर' वाचून जत्रेतला खाजा आठवला, गाडी थांबवली, तर समोर चाऊमीनची प्लेट. तिथं खाजा म्हणजे मधल्या वेळचं खाणं.

पैशांचा हिशेब सोपा आहे, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. घड्याळ १५ मिनिटं पुढे करायचं. मुगलिंगकडून काठमांडूचा रस्ता किलोमीटरवर मोजू नका, तासांवर मोजा. डोंगर, ट्रक आणि धूळ. रात्री चालवू नका.

परतताना काकडभिट्टाहून पानीटंकीला भारतात आलो, सिलिगुडीवरून जयगावला गेलो. कमानीपलीकडे फुंत्शोलिंग, म्हणजे भूतान. खर्चाचं बोलायचं तर भूतान महाग पडतं. भारतीयांना माणशी रात्रीला १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे, आणि स्वतःची गाडी आत न्यायची तर तिचा परवाना आणि पैसे वेगळे. आम्ही हिशेब केला, गाडी जयगावच्या लॉजच्या आवारात लावली आणि तिथलीच टॅक्सी चार दिवसांसाठी ठरवली. सगळा प्रवास आपल्याच गाडीनं करायचा हट्ट असेल तर हे पटणार नाही. आमच्यातल्या एकाला अजून पटलेलं नाही. पण घाटात त्यांचा ड्रायव्हर चालवत असताना आम्ही चौघंही पहिल्यांदाच खिडकीबाहेर बघत होतो.

थिंफूत सिग्नल नाहीत, चौकात पोलीस हातवारे करून वाहतूक चालवतो. दुकानांवर वरची ओळ झोंगखात, म्हणजे भूतानच्या भाषेत, खालची इंग्रजीत. मित्र पाटीकडे बघत म्हणाला, "आलं बघ बेळगाव."