पासपोर्ट कुठला, लीग कुठली?

नैरोबीहून एका आईचं लांबलचक पत्र आलंय. यजमानांच्या नोकरीमुळे हे कुटुंब अकरा वर्षं तिकडे आहे. मुलगा पुण्यात जन्मला, सहाव्या वर्षी केनियात गेला, आता सतरा वर्षांचा आहे आणि शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बापलेक कासारानी स्टेडियमवर चॅन या आफ्रिकन फुटबॉल स्पर्धेतला केनिया-मोरोक्को सामना बघून आले. तेव्हापासून चिरंजीवांचं एकच पालुपद: 'पुण्याला इंजिनिअरिंगला जाणार नाही. इथल्या लीगमध्ये खेळणार, आणि पुढचा चॅन केनियाकडून खेळणार.' तो दर शनिवार-रविवारी एका क्लबकडून मिडफिल्डला खेळतो. आई विचारतात, 'हे शक्य तरी आहे का? की वेळीच खडसावायला हवं? पासपोर्ट अजून भारताचाच आहे.' पत्राच्या शेवटी एक ओळ सहज येऊन जाते. ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, पण तिच्याकडे नंतर येतो.

ताई, नमस्कार.

खडसावू नका. त्याच्या डोक्यात जे भरलंय ते उगीच नाही. केनिया पहिल्यांदाच या स्पर्धेत खेळत होता. त्या सामन्यात पहिला हाफ संपता संपता त्यांच्या एका खेळाडूला लाल कार्ड मिळालं. उरलेला अख्खा हाफ दहा जणांनी रायन ओगामचा एकुलता एक गोल राखला, आणि तोही मोरोक्कोविरुद्ध. पुढे हाच मोरोक्को ३० ऑगस्टला त्याच मैदानावर मादागास्करला ३-२ असं हरवून विजेता झाला. सतराव्या वर्षी असा सामना डोळ्यांसमोर बघितला तर माझंही डोकं फिरलं असतं. मी कोल्हापूरचा आहे. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघून बारावी बुडवलेली मुलं मी कमी बघितली नाहीत.

इतर वाचकांसाठी आधी हा चॅन म्हणजे काय ते सांगतो. आफ्रिकेत राष्ट्रीय संघांची मोठी स्पर्धा म्हणजे आफ्रिकन कप. तिथे इजिप्तचा सालाह, मोरोक्कोचा हकिमी असे परदेशी क्लबांचे खेळाडूही आपापल्या देशाकडून उतरतात. चॅनचा नियम वेगळा आहे. खेळाडू त्या देशाचा नागरिक हवा, आणि त्याच देशाच्या लीगमधल्या क्लबकडून खेळणारा हवा. परदेशी क्लबचा सालाह इथे चालत नाही, कैरोतल्या क्लबचा इजिप्शियन चालतो. पेठेच्या संघात पेठेतलीच पोरं हवीत, बाहेरून आणलेला पाहुणा नको, असा वाद आमच्याकडे दर हंगामात रंगतो. तिथे तो वाद नियमातच मिटवलाय. २००९ साली कोत दिव्हारमध्ये आठ संघांनी सुरुवात झाली, २०११ मध्ये सोळा संघ झाले. २०१४ पासून हे सामने फिफाच्या क्रमवारीतही धरले जातात. मला स्वतःला ही स्पर्धा आफ्रिकन कपपेक्षा जास्त आवडते, कारण त्या देशात रोजचं फुटबॉल कसं चालतं ते इथे दिसतं. सुदानचंच बघा. देशात युद्ध पेटलेलं, घरची लीग बंद, अल हिलाल आणि अल मेरीख हे त्यांचे दोन बलाढ्य क्लब थेट मॉरिटानियाच्या लीगमध्ये जाऊन खेळत होते. तरी त्या संघाने नायजेरियाला ४-० हरवलं आणि उपांत्य फेरी गाठली.

आता तुमच्या मुलाचा प्रश्न. चॅनच्या दारावर दोनच गोष्टी विचारतात: पासपोर्ट कुठला आणि लीग कुठली. लीगचं उत्तर त्याला मेहनतीने मिळवता येईल. पासपोर्टचं उत्तर आज 'भारत' आहे, म्हणजे दार बंद. अकरा वर्षं नैरोबीत राहिला, स्वाहिली घडाघडा बोलला, तरी बंदच.

ते उघडता येतं का? कागदावर येतं. केनियाच्या राज्यघटनेनुसार सलग सात वर्षं कायदेशीर वास्तव्य असलेल्याला नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, बाकीच्या अटी आहेतच. फिफाच्या नियमातही तो अडत नाही, कारण दहा वर्षांचा होण्याआधी देशात राहायला आलेल्याला तीन वर्षांचं वास्तव्य पुरतं. आणि भारतीय वंशाचा माणूस केनियाकडून खेळणं ही काही नवलाई नाही. केनियाच्या हॉकी संघात एके काळी पंजाबी नावांचीच गर्दी असायची, अवतारसिंग सोहल तर चार ऑलिंपिक खेळले.

अडचण आपल्या बाजूला आहे. केनिया दुहेरी नागरिकत्व चालवून घेतो, भारत घेत नाही. केनियाचा पासपोर्ट हातात आला की भारताचा गेला. मग भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड काढता येईल, पण ते नागरिकत्व नव्हे. २०२१ च्या अधिसूचनेनुसार नीट, जेईईसारख्या परीक्षांतून ओसीआयवाल्यांना फक्त अनिवासी भारतीयांच्या जागांसाठी प्रवेश मागता येतो, म्हणजे फीचा आकडाही बदलला. आणि भारताच्या राष्ट्रीय संघाचं दार बंद. ओसीआय असलेला खेळाडू भारताकडून खेळू शकत नाही. यातली गंमत बघा. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं, ते भारताकडून खेळता यावं म्हणून. पुणे एफसीकडून खेळणाऱ्या अराता इझुमीने त्याआधी जपानचं सोडलं होतं. ज्यासाठी ही माणसं एवढी धडपडली, ते तुमच्या मुलाच्या कपाटात पडून आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: एका स्पर्धेसाठी आज पासपोर्टला हात लावू नका. केनियाच्या पहिल्या श्रेणीतल्या एखाद्या क्लबने त्याला लेखी करार दिला, तो दोन हंगाम नियमित अकरात खेळला, तर तेव्हा तो एकोणीस-वीस वर्षांचा असेल. मग त्याने स्वतः ठरवावं. तोवर हा विषय घरात काढायचाच नाही.

लीगबद्दल त्याला एक काम द्या. केनियाच्या राष्ट्राध्यक्षांनी गटातल्या प्रत्येक विजयासाठी प्रत्येक खेळाडूला दहा लाख शिलिंग जाहीर केले होते, म्हणजे पावणेसात लाख रुपयांच्या आसपास. त्याच खेळाडूला क्लबकडून महिन्याला काय मिळतं, आणि वेळेवर मिळतं का, हे त्याने स्वतः चौकशी करून लिहून आणावं. शनिवारी समोर खेळणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी वरच्या श्रेणीत खेळून आलेला असेलच. तुम्ही-मी सांगून जे पटणार नाही ते त्या माणसाच्या तोंडून पटेल.

चॅनमधून पुढे जाणारे जातात, हेही खरं. ओगाम स्पर्धेनंतर ऑस्ट्रियातल्या क्लबकडे गेला. मोरोक्कोच्या अयूब अल काबीने २०१८ च्या स्पर्धेत नऊ गोल केले, त्याच वर्षी विश्वचषकाच्या संघात गेला, आणि २०२४ मध्ये ग्रीसच्या ऑलिंपियाकोसकडून युरोपातल्या कॉन्फरन्स लीगच्या अंतिम सामन्यात ११६ व्या मिनिटाला विजयी गोल मारला. पण अल काबीचं नाव आपल्याला ठाऊक आहे ते तो एकटा निघाला म्हणून. त्या संघातल्या बाकीच्यांपैकी किती जणांची नावं तुमच्या मुलाला येतात, विचारा. (मला भीती आहे की त्याला सगळी येतील. ते का, ते पुढे.)

भारतात येऊन खेळण्याचा विचार असेल तर एक गोष्ट आजच तपासा. त्याच्या क्लबने त्याची नोंदणी केनियाच्या फेडरेशनकडे केली आहे का? केली असेल तर भारतातल्या क्लबकडे येणं म्हणजे आंतरराष्ट्रीय ट्रान्स्फर, आणि ते फिफाच्या नियमाने एरवी अठरा पूर्ण झाल्यावरच होतं. नुसती हौशी लीग असेल, कुठेच नोंद नसेल, तर भारतीय नागरिक म्हणून त्याची पहिली नोंदणी इथे होऊ शकते. हा फरक ट्रायलच्या दिवशी कळला तर फार त्रास होतो. आणि इथलं चित्र फार गुलाबी आहे अशा भ्रमातही राहू नका. आयएसएल या आपल्या सगळ्यात वरच्या लीगचा २०२५-२६ चा हंगाम हक्कांच्या कराराच्या घोळात वेळेवर सुरूच झाला नाही. खेळाडू तयारी करून घरी बसून होते.

एजंटांबद्दल दोन शब्द. मोठी स्पर्धा होऊन गेली की शहरात 'युरोपात ट्रायल देतो' म्हणणारे उगवतात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाच्या वडिलांनी अशाच एकाला शेतीच्या पैशातून मोठी रक्कम दिली. पोरगं परदेशात उतरलं तेव्हा ज्या क्लबचं नाव सांगितलं होतं त्याच्या गेटवर कोणालाच काही माहीत नव्हतं. ते मला आधी विचारायला आले होते, आणि मी 'जपून करा' एवढंच गुळमुळीत बोललो. सरळ 'देऊ नका' म्हणायला हवं होतं. तुम्हाला म्हणतो: ट्रायलसाठी पैसे मागणाऱ्याला एक शिलिंगसुद्धा देऊ नका. फिफाचा परवाना असलेल्या एजंटांची यादी सगळ्यांना बघता येते, नाव त्यात नसेल तर चहासुद्धा पाजू नका.

आता ती शेवटची ओळ. तुम्ही लिहिलंय: 'स्टेडियमवर सगळे ओरडत होते आणि हा मात्र वहीत काहीतरी लिहीत होता. घरी आल्यावर बघितलं तर प्रत्येक खेळाडूचं वय, क्लब, आणि कोणत्या मिनिटाला कोण दमला ते. असल्या तीन वह्या भरल्यात. अभ्यासाच्या वह्या मात्र कोऱ्या.'

ताई, तुम्ही हे तक्रार म्हणून लिहिलंय. मी ते दोनदा वाचलं. दहा जणांत खेळून मोरोक्कोला हरवत असताना, अख्खं कासारानी उभं राहिलेलं असताना, कोण दमला हे टिपणारा मुलगा मला तीस वर्षांत फार भेटला नाही. चांगला मिडफिल्डर असेलही, मी त्याला खेळताना पाहिलेलं नाही. पण या वहीचं जे काम आहे त्याला फुटबॉलमध्ये पगार मिळतो. सामना विश्लेषक, स्काउट, प्रतिस्पर्धी संघाचा अभ्यास करणारा माणूस. चॅनसारख्या स्पर्धेत तर याची खरी गरज, कारण युरोपातल्या लीगमधल्या खेळाडूंची माहिती विकत मिळते, पण मादागास्करच्या लीगमधला लेफ्ट बॅक कुठे कमी पडतो हे कोणीतरी बसून बघावं लागतं. केनियाला उपांत्यपूर्व फेरीत पेनल्टींवर बाहेर काढलं ते याच मादागास्करने.

त्याला खरंच यात रस आहे की नुसता छंद आहे, हे कळायला एक परीक्षा घ्या. अंतिम सामना त्याला पुन्हा पूर्ण बघू द्या, पण चेंडूकडे न बघता. पंचेचाळीस मिनिटं फक्त मादागास्करच्या गोलकीपरवर नजर ठेवायची, आणि चेंडू दुसऱ्या टोकाला असताना तो गोलरेषेपासून किती पुढे येतो, दर पाच मिनिटांनी लिहायचं. मग दुसऱ्या हाफमध्ये मोरोक्कोच्या ओसामा लम्लिवीने लांबून, त्याच्या डोक्यावरून मारलेला तो निर्णायक गोल बघायचा. तो गोल जगाने चमत्कार म्हणून बघितला. तुमच्या मुलाच्या तक्त्यात तो आधीच दिसत होता की नव्हता, ते मला हवंय. हे काम कंटाळवाणं आहे. विश्लेषकाच्या नोकरीचा बराचसा भाग असाच असतो. वीस मिनिटांत उठून गेला तर वही हा छंद आहे, आणि छंद असायला काहीच हरकत नाही.

टिकला, तर इंजिनिअरिंगचा हट्ट तुम्ही सोडा आणि गणिताचा हट्ट त्याने सोडू नये. संख्याशास्त्राची पदवी घ्यावी, नैरोबी विद्यापीठात किंवा पुण्यात फर्ग्युसनला, सोबत थोडं प्रोग्रॅमिंग. स्पोर्ट्स मॅनेजमेंटचे कोर्स पुण्या-मुंबईत आहेत, पण ते पदवीनंतर बघू. बारावीनंतर लगेच नको, कारण त्यातून इव्हेंटची कामं जास्त मिळतात आणि आकड्यांची कमी. कोचिंगचं खालचं लायसन्स खेळता खेळता करून ठेवावं, ड्रेसिंग रूममध्ये आकडेवाल्या पोराचं कोणी ऐकत नाही, लायसन्सवाल्याचं थोडं ऐकतात.

नैरोबीत राहण्याचा एक फायदा मात्र सोडू नका. २०२७ चा आफ्रिकन कप केनिया, टांझानिया आणि युगांडातच आहे. तेव्हा तो एकोणीसच्या आसपास असेल. इंग्रजी, स्वाहिली, हिंदी येणाऱ्या मुलाला स्वयंसेवक म्हणून तरी आत शिरायला जागा मिळायला हवी, आणि तिथे पासपोर्टची अट खेळाडूसारखी नसते. पदवी भारतात घ्यायची ठरलीच तर ते वर्ष त्याला तिकडे जाता येईल असं बघा.

शनिवार-रविवारचं खेळणं अजिबात बंद करू नका.

आणि एक विनंती. त्याला विचारून, केनिया-मोरोक्को सामन्याच्या वहीतल्या दोन पानांचे फोटो मला पाठवा. अक्षर कसं का असेना. लाल कार्ड मिळाल्यानंतरच्या पंधरा मिनिटांत त्याने काय लिहिलंय, तेवढं मला बघायचंय.