बायकांचे आजार म्हणजे गायनॅकच का?

प्रश्न : सासूबाईंना रात्री पाठ आणि जबडा दुखून मळमळायला लागलं. पित्त समजून गोळी दिली. सकाळी ईसीजी काढला तर हार्ट अटॅक. तेव्हापासून बारावी सायन्सची माझी मुलगी म्हणते, बायकांच्या आजारांवरच काम करणार. घरचे म्हणतात, मग गायनॅक हो, मुलींना ते बरं. तिला गणितही आवडतं. मलाही हल्ली जिना चढताना धाप लागते, पण ते असू दे.
– एक आई, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, पोरीचा हट्ट सुरू झाला तो आजीच्या हृदयावरून. मग गायनॅक मध्येच कुठून आलं? अटॅकला बायकांच्याही छातीत दुखतं, पण धाप, मळमळ, पाठ-जबड्यातली कळ ही लक्षणं त्यांच्यात जास्त दिसतात आणि पित्तावर ढकलली जातात. हे ओळखणारी फिजिशियन, कार्डिऑलॉजिस्ट हवीच आहे.

आपल्याच कोल्हापूर संस्थानानं 1886 साली आनंदीबाई जोशींना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री वॉर्डवर नेमलं होतं. रुजू होण्याआधीच त्या गेल्या. तेव्हा बाई डॉक्टर मिळणंच मुश्कील. आता डॉक्टर मिळते, पण ती शिकते त्यातलं बरंच पुरुषांना तपासून ठरलेलं. अमेरिकेत 1977 ते 1993 मूल होण्याच्या वयातल्या बायकांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेतच नसत. झोल्पिडेम ही झोपेची गोळी बायकांच्या रक्तात जास्त वेळ राहते. त्यांचा डोस निम्मा करा, हे तिथल्या सरकारी यंत्रणेनं सांगितलं 2013 साली, गोळी बाजारात येऊन 20 वर्षं झाल्यावर!

म्हणून गणिताची ती ओळ मी दोनदा वाचली. औषध बायकांवर वेगळं चालतं का, हे आकडेमोडीतून कळतं. मेडिकलची 'नीट' परीक्षा देऊ द्या, हवं तर एकदा रिपीट, तिसऱ्यांदा नको. नाही जमलं तर शिवाजी विद्यापीठाकडे स्टॅटिस्टिक्स आहे, पुढे बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे औषध-आजारांची आकडेमोड, करता येतं. 'नीट' जमली तर एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, एमडी मेडिसिन तीन, डीएम कार्डिऑलॉजी आणखी तीन. पाहुणे लग्नाचं विचारतीलच. त्यांना चहा द्या.

सासूबाईंच्या पुढच्या तपासणीला तिला बरोबर न्या. डॉक्टरांना प्रश्न तिनंच विचारू देत. आणि तुमची ती धाप 'असू दे' म्हणून सोडू नका. त्यासाठी सासूबाईंच्या तारखेची वाट बघू नका, याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. ईसीजी, हिमोग्लोबिन, बीपी करून घ्या.