जुना रहाट आणि अमूर्त नजर

प्रश्न : गुहागरजवळ आमच्या वाडीतल्या विहिरीवर जुना लाकडी रहाट आहे. विजेचा पंप आल्यापासून तो थांबलेला आहे. त्याची अमूर्त वळणाची छायाचित्रे काढावीत असे मनात आहे; पण दर वेळी विहीर, माड आणि रहाट असे कॅलेंडरवर शोभेल तेच चित्र हाती येते. काय करावे?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : परिसर वगळा, पण रहाटाने आयुष्यभर केलेले काम वगळू नका. वस्तू ओळखू आली नाही म्हणजे छायाचित्र अमूर्त झाले, हा समज मला मान्य नाही. अमेरिकी छायाचित्रकार पॉल स्ट्रँड यांनी १९१६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात व्हरांड्याच्या कठड्याच्या सावल्या आणि घरातले वाडगे अगदी जवळून टिपले, तेव्हा त्या वस्तू खऱ्याच राहिल्या होत्या. पुढे आले ते आकारांचे एकमेकांशी असलेले नाते.

तुम्ही सुरुवात करावी ती आडव्या आणि उभ्या चाकाचे दाते जिथे एकमेकांत अडकतात तिथून. बैल किंवा रेडा वर्षानुवर्षे एकाच दिशेने फिरत आल्यामुळे दात्यांची एक बाजू घासून गुळगुळीत झालेली असते, तर दुसऱ्या बाजूवर सुताराच्या वाकसाच्या (लाकूड तासण्याच्या हत्याराच्या) खुणाही सापडू शकतात. सकाळच्या तिरप्या उजेडात असे तीन-चारच दाते चौकटीत घ्या. चाकाचा पूर्ण गोल दाखवण्याचा मोह टाळा. ८५ ते १३५ मिलिमीटरची लेन्स लावून थोडे लांब उभे राहिलात, तर मागचा पसारा आपोआप कमी होईल. कॅमेरा चाकाला समांतर असेल तर लेन्सचे छिद्र (अॅपर्चर) एफ/८ पुरते. तिरका धरल्यास सगळे दाते स्पष्ट येण्यासाठी एफ/१६ या लहान छिद्रापर्यंत जावे लागते आणि मग तिपाईला पर्याय नाही. दुपारी माड-पोफळींतून येणारे कवडसे लाकडाचा पोत पार मोडून टाकतात, म्हणून ती वेळ सोडा.

विहीर जांभ्याची असेल, तर कृष्णधवल चित्रात तांबडा दगड आणि जुने लाकूड एकाच करड्या छटेत मिसळण्याचा धोका असतो. संगणकावर लाल रंगाची छटा उजळली की जांभा फिकट होतो, शेवाळ त्या मानाने गडद दिसते आणि चाकाचे आरे त्यातून सुटे दिसू लागतात.

चित्रासाठी शेवाळ खरवडू नका, पाणी उपसणाऱ्या लोट्यांची माळ हलवू नका आणि कुजक्या लाकडावर हात टेकून विहिरीत वाकू नका.