साताऱ्यात बसून लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्ज या ब्रिटिश सरकारी दफ्तरखान्यातली मराठा पलटणीची युद्धडायरी, म्हणजे पलटणीची रोजची अधिकृत नोंदवही (मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक, १९१६) मिळेल का?

हो, मिळेल. तिथे जाऊन पैसे घेऊन काम करणारे स्वतंत्र संशोधक आहेत, त्यांच्याकडून पानांचे फोटो काढून घ्या. वाचनकक्षात स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला शुल्क नाही, त्यामुळे पैसे जातात ते माणसाच्या वेळेचे. मीही असंच मागवलं होतं. कॅटलॉगमधून ‘डब्ल्यूओ ९५’ने (ब्रिटिश युद्ध खात्याच्या युद्धडायऱ्यांचा गट) सुरू होणारा पूर्ण क्रमांक आधी स्वतः शोधून द्या, नाहीतर शोधण्याचेच तास लागतात. पहिला फोटो क्रमांकासकट मुखपृष्ठाचा हवा, हे बजावून सांगा. बऱ्याच डायऱ्या ऑनलाइन आल्यात, आधी तिथे बघा. मात्र डायरीत नावं बहुधा अधिकाऱ्यांचीच असतात. पणजोबा शिपाई असतील तर पलटण कुठे लढली एवढंच कळेल.