राज्य ऐकत नसेल, तर वॉशिंग्टन ऐकते का?

प्रश्न : मी वेकोलितून (वेस्टर्न कोलफिल्ड्स या केंद्र सरकारच्या कोळसा कंपनीतून) निवृत्त झालो असून बल्लारपूरला राहतो. माझे जावई अमेरिकेत अ‍ॅपलाचियाच्या डोंगराळ भागातील एका लहान गावी डॉक्टर आहेत. त्यांच्या घरामागच्या डोंगरावर कोळशाची उघडी खाण चालते. पाऊस पडला की खाणीखालच्या तळ्यातून काळे पाणी ओढ्यात उतरते आणि सुरुंगांच्या हादऱ्यांनी तळघराच्या भिंतीला तडे गेले आहेत. मुलीने राज्याच्या खात्याकडे दोनदा लेखी तक्रार केली, तेव्हा ‘पाहणी केली, उल्लंघन आढळले नाही’ एवढेच उत्तर आले. कोळसा तिथेही केंद्राच्याच अखत्यारीत असणार. मग थेट केंद्राकडे दाद मागता येईल का?
— एक वाचक, बल्लारपूर

उत्तर : दाद मागता येते, पण आपण समजता त्या वाटेने नव्हे. आपली उमेदीची वर्षे वेकोलित गेली, त्यामुळे खाणीचा मालक केंद्र आणि सुरक्षिततेची तपासणी धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची, म्हणजे तीही केंद्राचीच, हे चित्र आपल्या मनात पक्के असणे स्वाभाविक आहे. अमेरिकेत खाण कामगारांच्या सुरक्षिततेची तपासणी केंद्र स्वतः करते. मात्र खाणीने डोंगराचे, पाण्याचे आणि शेजाऱ्यांचे काय केले हे पाहण्याचे काम, राज्याने ते मागून घेतले असेल तर, पहिल्याने राज्याचे असते. केंद्र त्याच्या मागे उभे असते, आणि ते पुढे केव्हा येऊ शकते हाच आपल्या कन्येच्या दृष्टीने कळीचा मुद्दा आहे.

ही रचना १९७७ च्या उघड्या खाणींविषयीच्या केंद्रीय कायद्याने घालून दिली. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी असे विधेयक दोनदा रोखले होते; ३ ऑगस्ट १९७७ रोजी कार्टर यांनी त्यावर सही केली. त्याआधी, २६ फेब्रुवारी १९७२ रोजी, वेस्ट व्हर्जिनियातील बफेलो क्रीक येथे कोळशाच्या गाळाचा बांध फुटून १२५ माणसे दगावली होती आणि तो प्रसंग लोकांच्या डोळ्यांपुढे ताजा होता. कडक नियम करणाऱ्या राज्यातील कोळसा महाग पडतो आणि धंदा ढिलाई करणाऱ्या शेजारच्या राज्याकडे जातो, ही अडचण काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायद्यातच नोंदवून ठेवली आहे. म्हणून किमान नियम साऱ्या देशासाठी एकच ठरले : वरची सुपीक माती वेगळी राखणे, ओबी (कोळशावरून काढलेली माती-दगड) परत भरून डोंगराचा उतार शक्यतो पूर्ववत करणे आणि हे काम पुरे होईपर्यंत कंपनीची हमीची रक्कम अडकवून ठेवणे. हे नियम आपल्या कायद्यात उतरवून पुरेसे निरीक्षक नेमणाऱ्या राज्याला गृह खात्याची मान्यता मिळते. (अमेरिकेचे हे गृह खाते म्हणजे पोलिसांचे खाते नव्हे, ते जमीन आणि खनिजे पाहते.) मान्यता मिळाली की प्रत्येक चालू खाणीची महिन्याला एक धावती आणि तिमाहीला एक पूर्ण तपासणी करणे हे राज्याच्या निरीक्षकाचे काम ठरते.

केंद्राचा हात यात शिरतो तो दहा दिवसांच्या नोटिशीतून. उल्लंघन झाले असावे असे मानण्यास गृह खात्याच्या, उघड्या खाणींवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय कार्यालयाला कारण दिसले की ते राज्याला लेखी कळवते. राज्याने दहा दिवसांत योग्य कारवाई करावी किंवा न करण्याचे सबळ कारण द्यावे लागते. दोन्ही झाले नाही, तर केंद्रीय निरीक्षक स्वतः खाणीवर जातो. लोकांच्या जिवाला तातडीचा धोका असेल, तर मात्र दहा दिवस थांबावे लागत नाही. निरीक्षक जागच्या जागी काम बंद पाडू शकतो.

‘योग्य कारवाई’ म्हणजे काय, इथेच घोडे पेंड खाते. राज्याचे उत्तर मनमानी किंवा अधिकाराचा दुरुपयोग करणारे नसेल, तर केंद्राने ते मान्य करावे अशी कसोटी आहे. म्हणजे केंद्रीय अधिकारी स्वतः तिथे असता तर त्याने वेगळा निर्णय घेतला असता, एवढे पुरत नाही. राज्याचा निर्णय कारणाला धरून नाही हे दिसावे लागते. आपल्या कन्येला आलेल्या एका ओळीच्या उत्तरात कारण असे काही नाही, आणि माझ्या मते तिच्या बाजूची सर्वांत भक्कम गोष्ट तीच आहे.

नोटीस मुळात केव्हा काढायची, यावरूनही सरकारागणिक नियम बदलतो आहे. २०२० मध्ये नियम असा झाला की नोटीस काढण्याआधी केंद्रीय कार्यालयाने राज्याकडची माहितीही विचारात घ्यावी. तक्रारदारांच्या मते त्यामुळे दहा दिवसांचे घड्याळ सुरूच होत नसे. २०२४ मध्ये तो फिरवून नोटिशीची वाट सोपी केली गेली आणि २०२५ मध्ये २०२४ चा नियम मागे घेण्याचा प्रस्ताव आला. त्यामुळे अर्ज देण्याच्या दिवशी कोणता नियम लागू आहे, हे एखाद्या स्थानिक वकिलाकडून पाहून घ्यावे.

या केंद्रीय कार्यालयाकडे अर्ज सहीनिशी लेखी द्यावा आणि ‘प्रदूषण होते’ असे मोघम लिहू नये. कोणत्या तारखेला, किती वाजता, तळ्याच्या कोणत्या बाजूने पाणी बाहेर पडले ते लिहून छायाचित्रे जोडावीत. खाणीच्या प्रवेशाशी पाटी लावणे कंपनीला बंधनकारक असते. त्या पाटीवर परवानाधारकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी आणि परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक अर्जाच्या पहिल्याच ओळीत यावा. राज्याला केलेल्या दोन्ही तक्रारींच्या आणि आलेल्या उत्तराच्या प्रती सोबत द्याव्यात. तक्रारीवरून केंद्रीय पाहणी झाली, तर निरीक्षकाबरोबर जाण्याचा हक्क तक्रारदाराला आहे. नाव गुप्त ठेवण्याची विनंतीही करता येते, पण सोबत गेल्यावर नाव गुप्त राहत नाही. गावातला निम्मा दवाखाना खाणीवरच्या कुटुंबांनी भरत असेल, तर जावईबापूंनी याचा विचार आधी करावा.

तड्यांचे प्रकरण अधिक अवघड आहे. खाणीपासून अर्ध्या मैलाच्या आत घर असेल, तर मालकाने मागितल्यास सुरुंग सुरू होण्यापूर्वी घराची पाहणी करून नोंद करून देणे कंपनीवर बंधनकारक आहे. अशी पाहणी झाली नसेल, तर तडे जुने होते असे कंपनी म्हणणार. सुरुंगांचे वेळापत्रकही वर्तमानपत्रात छापावे लागते आणि त्या अंतरातील घरांना पाठवावे लागते. ते घरी कधी आलेच नसेल, तर तेही अर्जात जरूर लिहावे.

प्रश्न : राज्याने हे नियम पाळलेच नाहीत, तर केंद्र त्याला भाग पाडू शकते का?
— विधी शाखेची एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : भाग पाडू शकत नाही, बाजूला सारू शकते. १९८१ मध्ये व्हर्जिनियाच्या खाणचालकांनी या कायद्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले, त्याचे एक कारण हेच होते की कायदा राज्यांना राबवून घेत नाही. राज्याला नको असेल तर ओझे केंद्र उचलते. हवे असेल तर खर्चाच्या निम्म्यापर्यंत अनुदान मिळते. उलट बाजू २००१ च्या ब्रॅग खटल्यात दिसली. मान्यता मिळाल्यावर लागू होतो तो राज्याचाच कायदा, म्हणून तो पाळावा यासाठी राज्याच्या अधिकाऱ्यावर केंद्रीय न्यायालयात दावा चालणार नाही, असे अपील न्यायालयाने ठरवले. नागरिकासाठी दहा दिवसांच्या नोटिशीचे मोल त्यामुळे आणखी वाढले.

मान्यता काढून घेण्याचे हत्यार केंद्राजवळ आहे, पण ते उगारले जाते तितके चालवले जात नाही, कारण ते चालवले की सगळ्या खाणी तपासायला आपलेच निरीक्षक आणि आपलाच पैसा लागतो. टेनेसीने मात्र १९८४ मध्ये स्वतःच अंग काढून घेतले. तेव्हापासून तिथल्या कोळसा खाणींचे परवाने आणि तपासण्या केंद्राचे नॉक्सव्हिल येथील कार्यालय पाहत आले आहे.