व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याची सगळी सूत्रं जनरल वेस्टमोरलँड यांच्याकडे होती का?

नाही. 1964 ते 1968 या काळात ते सायगॉनमधल्या 'मॅकव्ही'चे, म्हणजे व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैन्याच्या मुख्यालयाचे, प्रमुख होते, पण त्यांचा अधिकार मुख्यतः दक्षिण व्हिएतनामपुरता. त्यांच्या वर हवाई बेटांवर बसलेले पॅसिफिक कमांडचे (पॅसिफिक भागातल्या सगळ्या अमेरिकी सैन्याचे) प्रमुख अॅडमिरल शार्प, आणि शार्प यांच्या वर वॉशिंग्टन.

खरा गुंता विमानांचा. उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक शार्प यांच्या अखत्यारीत. लक्ष्यं मात्र बऱ्याचदा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या मंगळवारच्या जेवणावर ठरत. बी-52 ही अवजड बॉम्बफेकी विमानं अमेरिकेतल्या ओमाहाच्या स्ट्रॅटेजिक एअर कमांडची, म्हणजे वेगळ्याच मुख्यालयाची. हवाई दल आणि नौदलाचं जमेना, म्हणून उत्तर व्हिएतनामचे सहा 'रूट पॅकेज', म्हणजे बॉम्बफेकीचे विभाग, पाडले: 2, 3, 4 नौदलाला, 5 हवाई दलाला आणि 6 चे पुन्हा दोन तुकडे, दोघांना एकेक! दक्षिणेच्या सीमेलगतचं 1 तेवढं वेस्टमोरलँड यांच्याकडे. मरीनची लढाऊ विमानं मार्च 1968 मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या व्हिएतनाममधल्या विभागाच्या, म्हणजे 'सातव्या हवाई दला'च्या नियंत्रणाखाली आली, तीही बऱ्याच भांडणानंतर.

दक्षिण व्हिएतनामी सैन्य वेस्टमोरलँड यांच्या हुकमाखाली नव्हतंच. तिथे अमेरिकी सल्लागार असत. ते सुचवू शकत, हुकूम सोडू शकत नसत. कोरियन युद्धात जुलै 1950 मध्ये दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी आपलं सैन्य अमेरिकी जनरल मॅकआर्थर यांच्याकडे सोपवलं होतं, तसं इथे झालं नाही.