खुराड्याला आतून काय लावावं, म्हणजे साफ करायला सोपं जाईल?

परसात दहा-बारा गावठी कोंबड्या पाळायच्यात, तर खुराड्याला आतून सनमायकाचं प्लाय लावू की पीव्हीसी शीट, असं तुम्ही विचारलंय. सनमायका वाचलं आणि राहवलं नाही.

आमचं घर चिपळूणच्या बाजूला. खुराडं चिऱ्याचं, गिलावा नसलेलं. धाकटे भावोजी पुण्यात फर्निचरची कामं घेतात. एका गणपतीत येताना कुणाच्या तरी किचनमधलं उरलेलं सनमायकाचं प्लाय घेऊन आले आणि खुराड्यात फ्रेम ठोकून चारी बाजूंनी बसवून दिलं, कडेला बीडिंगसुद्धा! "वहिनी, फडकं मारलं की झालं. चुना काय फासत बसता!" फडकं मारणार कोण, ते सांगायला नको.

पुढच्या उन्हाळ्यात कोंबड्या तिन्हीसांजेला आत जाईनात, फणसावर चढून बसायला लागल्या. खुडूक बसलेल्या कोंबडीचा तुरा पांढरा फटक. आमचे हे म्हणाले मुंगूस येत असेल, सासूबाई म्हणाल्या दृष्ट लागली. मी रात्री बॅटरी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन गेले आणि बीडिंगची पट्टी उचकटली. मागे गोचिडांचा थर. उपाशी ते चपटे, रक्त प्यालेले टम्म निळसर. गुरांच्या गोचिडांसारखे हे मोठे झाल्यावर अंगाला चिकटून राहत नाहीत. दिवसा फटीत दडतात, रात्री येऊन रक्त पितात, परत फटीत. म्हणून दिवसा कोंबडी हातात धरून कितीही शोधा, सहसा सापडत नाहीत. खुराडं रिकामं ठेवूनही उपयोग नाही, महिनोन्महिने उपाशी जगतात.

तेव्हा भिंत वरून किती गुळगुळीत आहे हे नंतर बघा, तिच्या मागे पोकळी नको. पीव्हीसी शीटलाही तेच लागू. पत्रा उन्हाळ्यात तापतो, पावसाळ्यात आतून घामेजतो. टाइल्स चालतात, पण कोंबड्यांना कशाला तो थाट.

मी प्लाय काढलं, पट्ट्या बंबात घातल्या. गवंड्याकडून एकास चार सिमेंटचा गिलावा घोटून घेतला, जमिनीलगतच्या कोपऱ्यांना गोलाई दिली म्हणजे विष्ठा अडकत नाही. बसायच्या दांड्या काढता येतील अशा केल्या. वरून कळीचा चुना, रात्रभर विरवून, गाळून, ताकाइतका पातळ, दोन हात. बारीक चिरांत उतरतो. मिरगाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा. मधल्या काळात खराटा पुरतो.

हो, पहिल्या चुन्याआधी गुरांच्या डॉक्टरांना विचारून औषधाची फवारणीही केली होती, नुसत्या चुन्याने एवढे गोचीड गेले नसते. चुना विरवताना पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका, प्लास्टिकची बादली नको, डोळे सांभाळा. पूर्ण वाळल्याशिवाय कोंबड्या आत सोडू नका. भिंत दोन-अडीच फूटच, वर बारीक जाळी, नाहीतर वास कोंडेल. आणि तुमचं खुराडं हलवायचं लाकडी असेल तर यातलं निम्मं सोडून द्या, सलग फळ्या घ्या, फटी लांबी (पुट्टी) भरून बुजवा, ऑइलपेंट मारा.

भावोजी अजून म्हणतात, बीडिंगला सिलिकॉन मारलं असतं तर काही झालं नसतं. कोंबड्या टोचून टोचून ते उकरून काढतात, भावोजी. सुट्टीत नुसतं रस्सा खायला येण्याऐवजी एकदा महिनाभर पाळून बघा.